वचन पाठ झाले, आता पुढे काय?



धर्मग्रामात बायबल वचनांच्या पाठांतराची स्पर्धा जाहीर झाली की घराघरांत गडबड सुरू होते. आई स्वयंपाक करता करता मुलाकडून वचन म्हणवून घेते, आजी मध्येच विसरलेला शब्द सांगते, आणि रविवारी मिस्सानंतर सभागृहात मुले एका दमात अध्याय आणि ओवी क्रमांकासह वचने म्हणून दाखवतात. टाळ्या होतात, बक्षिसे वाटली जातात, आपल्याला अभिमान वाटतो. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु स्पर्धा संपल्यावर त्या वचनाचे काय होते, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. आजच्या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करू या.

सैतानालाही वचन पाठ होते

मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडा. प्रभू येशू चाळीस दिवस अरण्यात उपवास करतो आणि सैतान त्याची परीक्षा घेण्यासाठी येतो. मंदिराच्या शिखरावर उभे करून सैतान त्याला खाली उडी टाकायला सांगतो आणि त्यासाठी चक्क पवित्र शास्त्राचा आधार देतो. देवदूत तुला हातांवर झेलतील, हे त्याचे बोलणे ९१ व्या स्तोत्रातून घेतलेले आहे. म्हणजे सैतानालाही शास्त्र तोंडपाठ होते! आपल्या स्पर्धेत तो उतरला असता तर कदाचित पहिले बक्षीस घेऊन गेला असता.

प्रभू येशूनेही तिन्ही वेळा वचनानेच उत्तर दिले. ही तिन्ही उत्तरे अनुवाद या पुस्तकातील आहेत (अनुवाद ८:३, ६:१६ आणि ६:१३). इस्राएल लोक चाळीस वर्षे अरण्यात भटकले, भुकेने कुरकुरले, देवाची परीक्षा पाहू लागले. त्या काळाची आठवण करून देणारे हे अध्याय आहेत. जिथे ते लोक चुकले तिथे येशू आज्ञाधारक राहिला. अरण्यात त्याच्या हातात शास्त्राची गुंडाळी असल्याचे कुठेही सांगितलेले नाही. वचन त्याच्या अंतःकरणात होते.

मग दोघांत फरक कोणता? सैतानाने वचनाचा उपयोग दुसऱ्याला पाडण्यासाठी केला. येशूने वचन स्वतःला लावून घेतले आणि पित्याची इच्छा पाळली. पाठांतर दोघांचेही पक्के होते, पण आज्ञापालन एकाचेच होते. आजच्या पाठाचे सार एवढेच आहे: वचन पाठ करायचे ते मोहाच्या, रागाच्या आणि भीतीच्या क्षणी पाळता यावे म्हणून.

वचन हृदयात कशासाठी?

पाठांतराची परंपरा शास्त्रातच आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना सांगतो की माझे शब्द हृदयात ठेवा, मुलांना शिकवा, घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना त्यांविषयी बोला. तिथे स्पर्धा नाही, रोजचे घर आहे, रोजची वाट आहे.

बायबलमधील सर्वांत मोठे स्तोत्र म्हणजे ११९ वे. त्यात १७६ ओव्या आहेत. हिब्रू भाषेतील २२ अक्षरांप्रमाणे त्याची २२ कडवी असून प्रत्येक कडव्यात ८ ओव्या आहेत, आणि एका कडव्यातील आठही ओव्या एकाच अक्षराने सुरू होतात. आपण मुलांना अ, आ, इ च्या क्रमाने गाणी शिकवतो तशीच ही रचना आहे. ती मनात ठेवायला सोपी जाते. या स्तोत्राच्या ११ व्या ओवीत स्तोत्रकर्ता पाठांतराचे कारणही सांगतो. देवाविरुद्ध पाप घडू नये म्हणून त्याने देवाचे वचन अंतःकरणात साठवून ठेवले आहे.

आपली माता मरियाही वचन हृदयात जपणारी होती. एलिझाबेथच्या घरी तिने गायिलेले स्तुतिगीत (लूक १:४६-५५) आणि शमुवेलाची आई हन्ना हिचे गीत (१ शमुवेल २:१-१०) शेजारी ठेवून वाचा. दोन्ही गीतांत देव गर्विष्ठांना खाली आणतो, दीनांना उभे करतो, भुकेल्यांना तृप्त करतो. शास्त्रातील जुने शब्द मरियेच्या मनात इतके मुरले होते की आनंदाच्या क्षणी तेच तिच्या मुखातून प्रार्थना होऊन बाहेर पडले. आणि हे गीत गाणारी मरिया काय करीत होती? ती वयस्कर नातेवाईक बाईच्या घरी गेली होती आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. तिच्या मुखात गीत होते आणि पावलांत सेवा होती.

कागदाच्या तुकड्यांवरचे बायबल

आता आपल्या काळातील एक साक्ष पाहू. व्हिएतनामचे महागुरू फ्रान्सिस झेविअर न्गुयेन व्हान थुआन यांना १५ ऑगस्ट १९७५ रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, तेथील कम्युनिस्ट राजवटीने अटक केली. खटला न चालवता त्यांना १३ वर्षे कैदेत ठेवण्यात आले. त्यांतील ९ वर्षे त्यांनी एकांतवासात काढली. बायबल बरोबर नेता आले नव्हते. तेव्हा मिळतील ते कागदाचे तुकडे गोळा करून, त्यांची लहानशी वही करून, त्यांनी आठवणीतून शुभवर्तमानातील ३०० हून अधिक वचने त्यावर लिहून काढली. तीच त्यांची तुरुंगातील बायबल झाली.

पण त्यांनी नुसती वचने लिहिली नाहीत. शत्रूवर प्रीती करावी हे वचन त्यांच्यासमोर पहारेकऱ्यांच्या रूपाने रोज उभे राहत होते. सुरुवातीला पहारेकरी त्यांच्याशी बोलतही नसत. त्यांनी त्यांच्याशी स्नेहाने वागायला सुरुवात केली, परदेशातील गोष्टी सांगितल्या, भाषा शिकवल्या. हळूहळू ते मित्र झाले. पुढे पहारेकऱ्यांच्याच मदतीने त्यांनी लाकडाचा एक छोटा क्रूस आणि विजेच्या तारेची साखळी तयार केली. २१ नोव्हेंबर १९८८ रोजी त्यांची सुटका झाली. २००१ साली ते कार्डिनल झाले आणि १६ सप्टेंबर २००२ रोजी प्रभुघरी गेले. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'पूजनीय' घोषित केले.

बंधु-भगिनींनो, उद्या आपल्याजवळचे बायबल कोणी काढून घेतले तर आपल्याला किती वचने लिहिता येतील? तीनशे राहू द्या, तीस तरी? आणि त्यांतील किती वचने आपण एकदा तरी जगलो आहोत?

आमच्या घरातील एक प्रसंग

हा प्रश्न आम्हांला आमच्याच घरात कसा भेटला ते सांगतो. आम्ही दोघे पती-पत्नी काही वर्षांपासून धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. एका वर्षी स्पर्धेसाठी इफिसकरांस पत्रातील ४:२६ हे वचन निवडले होते. सूर्य मावळण्याआधी राग सोडून द्यावा, असा त्याचा आशय आहे. रात्री जेवताना आम्ही आमच्या मुलाकडून ते म्हणवून घेत होतो. त्याने न चुकता म्हटले आणि सहज विचारले, "पप्पा, काकांशी आपण बोलत नाही ना? मग हे वचन आपण का पाठ करायचं?"

आमच्या हातातला घास हातातच राहिला. शेजारीच राहणाऱ्या थोरल्या भावाशी आमचे बोलणे दीड वर्षापासून बंद होते. कारण सांगायलाही लाज वाटावी असे होते: सामाईक विहिरीवरच्या पंपाचे विजेचे बिल कोणी किती भरायचे! सूर्य एकदा नव्हे, पाचशेहून अधिक वेळा मावळला होता. आणि आम्ही मुलांना वचन शिकवीत होतो.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागणीच्या आधी, आम्ही दादाच्या ओट्यावर गेलो. काय बोलायचे ते ठरवले होते, पण शब्द आठवेनात. शेवटी एवढेच म्हणालो, "दादा, चुकलं आमचं." दादा काही बोलला नाही. वहिनी आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. त्या दिवशी बिलाचा विषय कोणीच काढला नाही. तो हिशेब पूर्णपणे मिटायला पुढे बरेच महिने लागले, मध्ये पुन्हा एकदोनदा आवाजही चढला. पण बोलणे थांबले नाही. त्या वर्षी आमच्या मुलाला स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही. तरीही ते वचन आमच्या घरात आजपर्यंत कोणी विसरलेले नाही.

वचन आरसा आहे, दगड नव्हे

संत याकोब आपल्या पत्रात (१:२२-२५) म्हणतो की जो वचन ऐकतो पण आचरत नाही तो आरशात तोंड पाहून लगेच आपला चेहरा विसरणाऱ्या माणसासारखा आहे. आरसा स्वतःला पाहण्यासाठी असतो. आपण मात्र पुष्कळदा पाठ केलेले वचन दगडासारखे दुसऱ्यावर फेकतो. पत्नीने अधीन राहावे हे पतीला पाठ असते आणि पतीने प्रीती करावी हे पत्नीला पाठ असते. सासूला एक वचन आठवते, सुनेला दुसरे. ज्याला जे पाळायचे आहे ते त्याने पाठ केले तर किती घरांत शांती नांदेल!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवू या. देवाला आवडेल असे जगायचे म्हणजे चांगले वागून देवाचे प्रेम विकत घ्यायचे असे नाही. त्याने आधीच आपल्यावर प्रीती केली आहे (१ योहान ४:१९). लेकरू आईच्या प्रेमातच वाढते, म्हणून तिला आवडेल ते करावेसे त्याला वाटते. तसेच आपलेही आहे. आपण एकटे नाही, हेही खरे. प्रभूने सांगितलेल्या गोष्टींची पवित्र आत्मा आपल्याला आठवण करून देईल, असे आश्वासन योहानच्या शुभवर्तमानात (१४:२६) आहे. पण जे आपण मनात ठेवलेलेच नाही त्याची आठवण कशी होणार? साठवण्याचे काम आपले आहे.

आठवड्याचे एक वचन

पोप फ्रान्सिस यांनी ३० सप्टेंबर २०१९ रोजी, बायबलचे भाषांतरकार संत जेरोम यांच्या सणादिवशी, सामान्य काळातील तिसरा रविवार हा 'देवशब्दाचा रविवार' म्हणून ठरवून दिला. वर्षातून एक दिवस शास्त्राचा मान राखून भागणार नाही, वर्षभर त्याची ओळख वाढावी, अशी त्यांची इच्छा होती. आपल्या कुटुंबात पुढीलप्रमाणे सुरुवात करता येईल:

१. शनिवारी रात्री जपमाळेनंतर रविवारची वाचने घरी वाचा. त्यांतील एकच लहान वचन निवडा.

२. ते स्वतःच्या हाताने कागदावर लिहा आणि रोज दिसेल अशा जागी लावा: चुलीजवळ, आरशापाशी, दुकानाच्या गल्ल्यावर किंवा गाडीच्या किल्लीजवळ.

३. सकाळी आणि रात्री तीन तीन वेळा सावकाश म्हणा. वयोमानाने ज्यांना आठवत नाही त्यांनी वचनातील एकच शब्द धरून ठेवावा. देव गुण देत नाही, मन पाहतो.

४. पुढच्या शनिवारी एकमेकांकडून वचन म्हणवून घेऊ नका. त्याऐवजी विचारा, "या आठवड्यात या वचनाने तुला कुठे अडवले? कुठे धीर दिला?" आईवडिलांनी आधी उत्तर द्यावे.

५. जिथे वचन आठवूनही पाळले गेले नाही, ते प्रायश्चित्त संस्कारात प्रभूच्या पायाशी ठेवा आणि पुन्हा सुरुवात करा.

सुरुवातीसाठी ही वचने घ्या: रागासाठी इफिसकरांस ४:२६, बोलण्यासाठी इफिसकरांस ४:२९, क्षमेसाठी मत्तय ६:१४, लोभासाठी लूक १२:१५, खरेपणासाठी मत्तय ५:३७, भीतीसाठी स्तोत्र २३:४, आणि देवाला आवडणाऱ्या परोपकारासाठी इब्री १३:१६. सात वचने म्हणजे सात आठवडे. यांपैकी जे वचन वाचताना मन थोडे टोचेल त्यापासूनच सुरुवात करा.

प्रार्थना

हे प्रभो, तुझे शब्द आमच्या ओठांवर पुष्कळ वेळा आले, पण हातापायांत उतरले नाहीत. आम्हांला क्षमा कर. या आठवड्यात तुझे एकच वचन आमच्या मनात रुजू दे, आणि रागाच्या, मोहाच्या व भीतीच्या क्षणी तुझा पवित्र आत्मा आम्हांला त्याची आठवण करून देवो. आमची मुले आमच्या वागण्यातून तुझे वचन शिकोत. आमेन.