मनाचा ताप कसा मोजावा?

अंग तापले की आपण तापमापी लावतो. औषधानंतर ताप उतरला की नाही, तेही तीच सांगते. पण मन खचले असेल तर? ते मोजावे कशाने? आणि उपाय लागू पडला हे ठरवावे कसे? आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात झालेला एक प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

२००५ साली तेथील सरकारने शहरांतील झोपड्या व टपऱ्या पाडल्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ७ लाख लोकांचे घर, रोजगार किंवा दोन्ही गेले. मानसोपचारतज्ज्ञ मात्र देशभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके! तेव्हा डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये राजधानी हरारेच्या म्बारे या गरीब वस्तीतील १४ आज्यांना हाताशी धरले. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक मांडला. त्याचे नाव 'मैत्रीचा बाक'.

या दुखण्याला तेथील शोना भाषेत 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार, म्हणतात. बाकावर बसलेली आजी आधी सारे ऐकून घेते. मग अनेक अडचणींतली एकच निवडायला लावते आणि तिच्यावर लगेच उचलता येईल असे लहानसे पाऊल शोधायला मदत करते.

आता मोजमापाकडे वळू. येथे तापमापी म्हणजे १४ प्रश्नांची यादी. गेल्या आठवड्यात झोप नीट लागली का, रडू आले का, असे हे प्रश्न. त्रासाच्या प्रत्येक 'हो'ला एक गुण. ही यादी १९९०च्या दशकात तयार करणाऱ्यांत डॉ. विक्रम पटेल होते. गोव्यातील 'संगत' ही संस्था १९९६ साली स्थापन करणाऱ्यांतही ते होते. तेथेही प्रशिक्षित सामान्य माणसांकडून असेच काम करून घेण्यात आले.

पण थांबा! दुःख काळानेही ओसरते. मग श्रेय आजीचे की काळाचे? प्रयोगशाळेत आपण एकच गोष्ट बदलतो आणि बाकीच्या तशाच ठेवतो. येथेही तेच केले. हरारेतील २४ दवाखान्यांचे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एका गटात बाक, दुसऱ्यात नेहमीचेच पण थोडे सुधारलेले उपचार. ९ किंवा अधिक गुणांची ५७३ माणसे निवडली. सहा महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न विचारले. नेहमीच्या उपचारांच्या गटाची सरासरी ८.९० भरली, तर बाकाच्या गटाची ३.८१! हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले.

बाकाने पडलेले घर उभे राहत नाही. गरिबी व अन्याय यांवरचे उपाय वेगळेच करावे लागतात. परंतु त्यासाठी लागणारे बळ परत येऊ शकते, हे या आकड्यांनी दाखवले.

तुमच्या वर्गात पूर, दुष्काळ किंवा घरातील ओढगस्त सोसून आलेला एखादा मित्र असेल. त्याला उपदेश करू नका; त्याच्याशेजारी बसा आणि ऐका. त्रास फार वाटला तर ते गुपित ठेवू नका, विश्वासाच्या वडीलधाऱ्यांना सांगा. १४४१६ या सरकारी 'टेली-मानस' क्रमांकावरही मदत मिळते.