टरफले आणि एक तोटी

लोकमान्य टिळकांच्या बालपणीची शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सर्वांनी प्राथमिक शाळेतच ऐकलेली आहे. सरसकट शिक्षा बाणेदारपणे नाकारणारा तो मुलगा आपल्याला आवडतो, आणि ते योग्यच आहे. पण ती गोष्ट ऐकताना माझ्या मनात एक प्रश्न नेहमी उरतो : अखेर तो वर्ग झाडला कोणी?

या प्रश्नाला माझ्यापुरते एक कारण आहे. आठवीत असताना आम्ही तिघांनी लोंबकळून शाळेच्या पाण्याच्या टाकीची तोटी मोडली. गुन्हेगार सापडेना, तेव्हा सबंध वर्गाला अर्धा तास उन्हात उभे केले. मीही उभा राहिलो आणि मनाशी म्हणालो, फिटले! नवी तोटी बसेपर्यंत चार दिवस शिपाईमामा विहिरीवरून घागरी वाहत होते. त्यांना कोणी काही विचारले नाही.

ज्याला ‘पुनर्स्थापनात्मक पद्धती’ म्हणतात, तिचा आरंभ नेमका येथे होतो. नियम कोणता मोडला, हे ती आधी विचारीत नाही. झळ कोणाला पोचली आणि ती भरून कोण काढणार, हे विचारते. १९७४ साली कॅनडातील एल्मायरा या गावी दोन तरुणांनी २२ ठिकाणी नासधूस केली. मार्क यांत्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना त्या लोकांच्या दारी पाठविले. समोर उभे राहून ऐकायचे आणि नुकसान भरून द्यायचे! पुढे न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात अल्पवयीन गुन्हेगारांसाठी कुटुंबाच्या बैठकीची तरतूद केली, आणि १९९४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये अशी बैठक शाळेत आली.

शाळेत मात्र ती भांडणानंतरच भरवून भागत नाही. एरवीही मुले गोल करून बसतात; एखादी वस्तू हातोहात फिरते; ती ज्याच्या हाती, त्यानेच बोलायचे. बोलण्याची सवय आधी लागलेली असली, तरच तंट्याच्या दिवशी तोंड उघडते. तेव्हा विचारतात : काय घडले? मनात काय होते? कोणाला त्रास झाला? आता काय करायला हवे? ‘का केलेस?’ हा आपला लाडका प्रश्न सहसा टाळतात; त्याने सबबी तेवढ्या सुचतात.

गोल करून बसले की न्याय झाला, असे मात्र कोणी समजू नये. जातपंचायतही एकत्रच बसत असे, आणि तिच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. शाळेच्या गोलात शिपायाचा शब्द मुख्याध्यापकांच्या शब्दाइतका ऐकला जाईल काय? खरी परीक्षा तेथे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने छडीला मनाई केली. तिच्या जागी काय आणायचे, ते मात्र आपणच ठरवायचे आहे. साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास, ही अडचण आहेच.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी मामांकडे जाऊन आलो. ते आता निवृत्त होऊन गावीच असतात. तोटीची हकिगत सांगितली. तंबाखू मळता मळता ते म्हणाले, “तोटी तुम्हीच मोडली, ते मला तवाच ठावं हुतं. पर एखादी घागर धराया तरी यायचं हुतंस.”