टायरचे विष आणि झाडांचा वाफा

गॅरेज, टायर, पंक्चर, स्पेअरपार्ट या धंद्यांत आपले अनेक बांधव आहेत. "आमच्या दुकानात केमिकल कुठले?" असे ते सहज म्हणतील. त्यांनी अमेरिकेतील सिएटल शहराचा अनुभव जरूर वाचावा.

तेथील ओढ्यांत कोहो जातीचे सामन मासे समुद्रातून अंडी घालण्यास येतात. ओढे साफ केले, तरी पाऊस पडला की मासे अंडी घालण्यापूर्वीच तडफडून मरत. कारण अखेर २०२० मध्ये कळले. टायरला चिरा पडू नयेत म्हणून रबरात 'सिक्स-पीपीडी' हे रसायन घालतात. हवेतील ओझोनशी संयोग होऊन त्याचे विष बनते. झिजलेल्या टायरच्या भुकटीतून ते पावसाबरोबर ओढ्यात जाते. कोहो आपल्याकडे नाही; पण टायर तेच आहेत.

विशेष म्हणजे, विष ओळखण्याआधीच उपाय हाती आला होता. शास्त्रज्ञांनी वर्दळीच्या रस्त्यावरचे पाणी ६० टक्के वाळू व ४० टक्के कंपोस्ट खताच्या थरातून गाळले. न गाळलेल्या पाण्यात मासे मेले, गाळलेल्या पाण्यात जगले.

असा वाफा कसा करतात? अंगणाच्या उतारावर खड्डा घेऊन तळाशी खडी व भोके पाडलेला पाइप टाकतात. त्यावर दीड-दोन फूट वाळू-खताचे मिश्रण भरून चिवट गवत किंवा झुडपे लावतात. गाळ वर अडतो. जस्त, तांबे, शिसे खताला चिकटतात. तेलाचा अंश मातीतले जंतू खातात. मुळे माती पोकळ ठेवतात, म्हणून वाफा लवकर तुंबत नाही. मुसळधार पावसात जादा पाण्याला वेगळी वाट हवीच.

मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वाफा म्हणजे गटार नव्हे. इंजिनचे काळे तेल आणि बॅटरीचे ॲसिड त्यात कदापि ओतू नये. तेल पिंपात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे. पाण्यात विरघळलेले मीठ वाफा अडवत नाही. खत जास्त झाल्यास त्यातील फॉस्फरस उलट पाण्यात उतरतो. वरचा थर धातूंनी भरत जातो, तो अधूनमधून बदलावा लागतो. त्या वाफ्यात भाजीपाला लावू नये.

दुकानासमोरचे पाणी गटारात गेले की आपली जबाबदारी संपली, असे नाही. तेच पाणी पुढे कुणाच्या तरी विहिरीत, खाडीत, मच्छीमाराच्या जाळ्यात पोहोचते. या पावसाळ्यापूर्वी निदान दुकानासमोर सांडलेले तेल भुशाने टिपून घ्यावे. सुरुवात तेथूनच होते.