राब, गंजी व गांवचा आगीचा बंदोबस्त

शहापूर व मुरबाड तालुक्यांत फाल्गुन सरला कीं डोंगरावरील गवत वाळून कोळ होतें, आणि ज्येष्ठांत पाऊस पडेपर्यंत गांवाला आगीची धास्ती असते. शहरांत आगीचा बंब घंटा वाजवीत येतो. आमच्या पाड्यांवर तो पोहोंचेपर्यंत गंजीची राख झालेली असते. तेव्हां पहिल्या घटकेचा विचार शेतकऱ्यानेंच करावयाचा आहे.

आगीचें एक कारण आपलाच राब. भाताच्या रोपासाठीं शेण, टहाळ, पाला व गवत यांचे थर देऊन वर माती पसरावी व तें भाजावें, ही वाडवडिलांची रीत. १८८५ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांसाठीं सरकारनें कमिशन नेमिलें, त्यापुढें राबाच्या टहाळाचा प्रश्न मोठाच होता. परंतु रीत जुनी म्हणून ती निर्धोक ठरत नाहीं. राब सकाळीं, वारा पडलेला असतां, वाऱ्याच्या खालच्या अंगानें पेटवावा. म्हणजे आग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकते, जमीन नीट भाजते व भडका उडत नाहीं. भोंवतालचें गवत आधीं खरडून काढावें आणि निखारे विझेपर्यंत माणूस हलूं नये.

आम्हीं हें सर्व जाणत होतों, तरी चुकलों. नोकरीतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यांत, पाहुण्यांमुळें सकाळ गेली म्हणून, राब दुपारीं पेटविला. पश्चिमेचा वारा सुटला, बांधावरील गवत धरलें आणि शेजाऱ्यांची पेंढ्याची गंजी गेली. गुरें चरावयास गेलीं होतीं, म्हणून वांचलीं. पंचनाम्याच्या वेळीं शेजारी एवढेंच म्हणाले, "भाऊसाहेब, कारण काय लिहायचें तें तुम्हीच सांगा." कचेरींत असतां 'कारण अज्ञात' असे किती पंचनामे आमच्या हातांखालून गेले होते! त्या दिवशीं आम्हीं खरें कारण लिहवून सही केली, व आमचा पेंढा त्यांच्या गोठ्यांत नेऊन टाकला. बैलांचा प्रश्न सुटला. बोलणें पूर्ववत् होण्यास मात्र दिवाळी उजाडली.

अमेरिकेंत खेड्यापाड्यांचे रहिवासी आपल्या मुलुखापुरता आगीचा कर स्वतःवर बसवून घेतात, पंच निवडतात, आणि बंबावर बहुतेक गांवचेच स्वयंसेवक असतात. आपल्याकडे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यांत आग विझविण्यास साह्य करणें हें पंचायतीचें काम सांगितलें आहे. १९२७ च्या वन कायद्यान्वयें राखीव जंगलांत आग लावणें गुन्हा आहेच. शिवाय जंगलांत हक्क असणाऱ्यांनीं तेथील आग विझविण्यास मदत केली पाहिजे, असेंही त्यांत आहे. मोहाचीं फुलें वेंचण्यासाठीं झाडाखालचा पाला जाळणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. जंगलखातें जाळरेषा काढतें, उपग्रहावरून वणव्याची सूचनाही येते. पण झोडपून आग विझविण्यास ओला टहाळ घेऊन माणूसच धांवावें लागतें.

म्हणून माघ सरण्यापूर्वीं गांवानें एकदां बसावें. गंज्या एकमेकींपासून व घरांपासून दूर रचाव्या, विजेच्या तारांखालीं तर मुळींच नको. घरास आग लागल्यास पाणी मारण्यापूर्वीं वीज तोडावी. १०१ अथवा ११२ या क्रमांकावर कळवून नाक्यावर वाट दाखविण्यास एक पोरगा उभा करावा. कोणाचें डिझेल इंजिन व किती पाइप कोठें आहेत, याची यादी चावडीवर लावावी. आणि इंजिनाची किल्ली कोणाकडे असते, हेंही त्याच यादींत लिहावें.