छायाचित्रासाठी माणसाला कसे बसवावे?

घराघरांतील भिंतींवर दिवंगत वडीलधाऱ्यांची छायाचित्रे हार घालून लावलेली आढळतात. त्यांपैकी पुष्कळशी मुळात भिंतीसाठी काढलेली नसतात. निवृत्तिवेतनाच्या अर्जावर किंवा बँकेच्या पुस्तकावर चिकटविण्यासाठी घाईघाईने घेतलेले लहानसे छायाचित्र माणूस गेल्यावर मोठे करून घेतले जाते. मग जिने सारे घर हसतमुखाने सांभाळले, ती आजी नातवंडांना भेदरलेल्या डोळ्यांची व ओठ आवळलेली अशीच दिसत राहते. हा दोष आजीचा नव्हे आणि यंत्राचाही नव्हे. तिला कसे बसवावे याचा विचार त्या वेळी कोणी केलेला नसतो.

आज भ्रमणध्वनीच्या रूपाने छायाचित्रयंत्र खेडोपाडी पोहोचले आहे. तेव्हा हा विचार प्रत्येक घराने, शाळेने व कार्यालयाने करणे अगत्याचे आहे.

ताठरपणाचे मूळ

छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात एका चित्रासाठी कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार उभा करीत. एवढा वेळ हसू टिकविणे अशक्य असल्याने चेहरे गंभीर राहत. पुढे कोरड्या काचपट्ट्या प्रचारात आल्या आणि हा अवधी झपाट्याने घटला. आज सेकंदाच्या शंभराव्या भागातही छायाचित्र घेता येते. ताठ बसण्याचे कारण संपले. सवय मात्र मागे राहिली.

या कलेतील एक थोर भारतीय नाव म्हणजे राजा दीनदयाळ (१८४४–१९०५). इंदूर येथे बांधकाम खात्यात नोकरीस असताना ते छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत स्वतंत्र स्टुडिओ उघडला. तेथे छायाचित्रे घेण्याचे काम एका स्त्रीकडेच सोपविलेले होते. समोरच्या व्यक्तीचा संकोच आधी दूर झाला पाहिजे, यंत्राचा विचार त्यानंतर करावयाचा, हा धडा या व्यवस्थेतून आजही घेण्यासारखा आहे.

जागा व प्रकाश

भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणींत काळोख साचतो आणि कपाळाला आठ्या पडतात. त्याऐवजी ओसरीच्या कडेला, सावलीत, अंगणाकडे तोंड करून बसवावे. घरात खिडकीपाशी बसवून प्रकाश एका बाजूने येऊ द्यावा. चेहऱ्याचा उठाव त्यानेच दिसतो. पाठीमागे उजळ दार किंवा खिडकी असू नये, अन्यथा चेहरा काळवंडतो. दोरीवरचे कपडे, दिनदर्शिका आणि डोक्यामागून उगवल्यासारखा दिसणारा खांब टाळावा.

बैठक

खुर्चीत मागे रेलून बसल्यास खांदे पडतात व पोट पुढे येते. खुर्चीच्या पुढील अर्ध्या भागावर बसावयास सांगावे. शरीर किंचित एका बाजूस वळलेले आणि चेहरा यंत्राकडे असला म्हणजे आकृतीला डौल येतो. उभ्या माणसाने शरीराचा भार मागच्या पायावर द्यावा.

हातांना काही काम नसले की ते अवघडतात. शेतकऱ्याच्या हाती त्याची काठी, शिक्षिकेच्या हाती पुस्तक, आजोबांच्या मांडीवर नातू असला म्हणजे हात आपोआप आपली जागा घेतात. वयामुळे पाठीला बाक आलेल्या व्यक्तीस बळेच ताठ बसवू नये. दोन्ही हात काठीवर टेकवून किंचित पुढे झुकू द्यावे. मग तो बाक सहज वाटतो. सूचना देताना अंगास हात लावून मान वा पदर नीट करण्याऐवजी छायाचित्रकाराने स्वतः तसे बसून दाखवावे.

चेहरा व नजर

यंत्र सामान्यतः डोळ्यांच्या उंचीवर धरावे. खालून घेतल्यास हनुवटी व नाकपुड्या मोठ्या दिसतात, वरून घेतल्यास माणूस खुजा भासतो. बालकाचे छायाचित्र घेताना मोठ्या माणसाने जमिनीवर बसणे हाच उपाय होय. चष्म्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडत असेल, तर काड्या कानांवर किंचित उचलाव्यात; काचा खाली झुकतात व डोळे दिसू लागतात.

भ्रमणध्वनी तोंडाजवळ नेल्यास नाक मोठे आणि कान लहान दिसतात. म्हणून पाच-सहा फूट दूर उभे राहावे व चित्राचा नको असलेला भाग मागाहून कापावा.

“हसा” असे फर्माविल्याने केवळ ओठ हसतात. त्यापेक्षा यंदाचे पीक, परसातील आंबा किंवा धाकटे नातवंड यांविषयी विचारावे. उत्तर संपून ओठ मिटतात, पण डोळ्यांत ते बोलणे अजून रेंगाळत असते. कळ दाबण्याचा क्षण तोच.

समूहाचे छायाचित्र

वडीलधाऱ्यांस मध्यभागी खुर्च्यांवर, मुलांना पुढे सतरंजीवर व इतरांस मागे उभे करावे. मागील रांगेतील व्यक्ती पुढील दोघांच्या मधल्या फटीत असावी. रांगेची टोके थोडी आत वळवावीत व दोन्ही कडांना मोकळी जागा सोडावी. सर्वांना डोळे मिटावयास सांगून, तीन अंक मोजताच उघडावयास सांगितल्यास डोळे मिटलेला माणूस क्वचितच निघतो. तरीही तीन-चार चित्रे घ्यावीत.

दोन चित्रे, दोन हेतू

ओळखपत्रासाठी लागणारे छायाचित्र समोरून, साध्या पार्श्वभूमीवर आणि ठरलेल्या नियमांनुसारच काढावे लागते. तेथे डौलास वाव नाही. परंतु त्या कामासाठी वृद्ध व्यक्तीने धुतलेले वस्त्र नेसलेले असते, केस विंचरलेले असतात. तेवढ्यात तिच्या संमतीने ओसरीवर दुसरे छायाचित्र घेण्यास पाच मिनिटे पुरतात. ते भ्रमणध्वनीतच न ठेवता कागदावर छापून तिच्या हाती द्यावे. आपले कोणते रूप घरात राहावे, हे ठरविण्याची संधी त्यामुळे तिला स्वतःला, जिवंतपणी मिळते.