समासातील खूण

पुस्तक वाचताना एखादे वाक्य महत्त्वाचे वाटले, की वाचक त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढतो आणि समासात दोन शब्द लिहितो. स्वतःच्या पुस्तकात हे शोभते. ग्रंथालयाच्या पुस्तकात मात्र तो पुढील वाचकावर अन्याय होय.

संगणकावरील लेखांना टिपा जोडणाऱ्या ज्या आज्ञावल्या आहेत, त्यांनी ही अडचण मोठ्या चतुराईने दूर केली आहे. तेथे टीप मूळ मजकुरात मिसळत नाही. अमुक पानावरील अमुक जागा आणि तिच्याविषयीचा अभिप्राय, एवढीच नोंद वेगळी ठेवली जाते. नकाशावर पारदर्शक कागद अंथरून त्या कागदावर खुणा कराव्यात, तसेच हे. कागद उचलला की नकाशा होता तसा! एका आज्ञावलीतील टीप दुसरीलाही वाचता यावी, म्हणून ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ ह्या संस्थेने 2017 साली एक सामाईक पद्धतही ठरवून दिली.

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे आकाशाच्या अभ्यासात हीच रीत उपयोगी पडते. तेथील रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना आहेत व प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात. ह्या लहरी इतक्या क्षीण असतात, की विजेच्या तारेवरील ठिणगीदेखील त्यांना झाकून टाकते. संगणकात साठलेल्या आकड्यांपैकी असा दूषित भाग हुडकून संशोधक त्याला ‘फ्लॅग’, म्हणजे निशाण, लावतात. पुष्कळसे निशाण आज्ञावलीच लावते. निशाण लावलेला आकडा गणितात धरला जात नाही. पण तो पुसलाही जात नाही.

पुसला तर काय बिघडेल? 1967 साली इंग्लंडात केंब्रिज येथे जोसलिन बेल ही विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीने कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवर उमटवलेल्या रेषा तपासत होती. एके ठिकाणी तिला जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीची चमत्कारिक वळवळ दिसली. ती ताऱ्यासारखी नव्हती, पृथ्वीवरील व्यत्ययासारखीही नव्हती. तिने जुन्या पट्ट्या पुन्हा काढल्या. आकाशाच्या त्याच भागातून ती वळवळ पूर्वीही आलेली होती! असा पहिला स्पंदक तारा सापडला. जुन्या पट्ट्या रद्दीत गेल्या असत्या, तर ताडून कशाशी पाहणार?

खोडदच्या दुर्बिणीनेही पुढे अनेक स्पंदक शोधले. त्यांचे ठोके क्षणिक असल्यामुळे आज्ञावलीला ते कधी कधी व्यत्ययच वाटतात. तेव्हा संशोधक ते निशाण काढतो आणि खालचा आकडा पुन्हा नीट पाहतो.