मफलरचे काठ का वळतात?

मफलर विणून झाला. घरधनी रात्री गव्हाला पाणी द्यायला निघाले, म्हणून तो त्यांच्या गळ्यात घातला. पण दोन्ही काठ आत वळले. मफलरची दोरीसारखी गुंडाळी झाली. वीतभर रुंद विणलेला, पण गळ्याशी चार बोटेच उरला. छाती उघडी ती उघडीच!

घरातली म्हातारी म्हणते, "अगं, इस्त्री मार की!" लोकरीला इस्त्री मारली तर काठ घटकाभर सरळ राहतो, मग पुन्हा वळतो. हल्ली बाजारात अ‍ॅक्रिलिकचा धागा पुष्कळ मिळतो. त्यावर तर गरम इस्त्री ठेवूच नये. धागा चपटा होतो, कधी वितळतोही.

मग करावे काय? आधी कारण समजून घेऊ.

घोंगडीचा काठ असा वळत नाही. घोंगडीत उभे आणि आडवे धागे एकमेकांच्या वरून-खालून जातात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. त्याचा फास करायचा आणि त्या फासातून दुसरा फास ओढायचा. सुलट टाक्यात नवा फास मागून पुढे येतो. उलट टाक्यात तो पुढून मागे जातो.

आपण एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणतो. मग एका बाजूला सगळे टाके गुळगुळीत दिसतात. दुसऱ्या बाजूला सगळे उंचवटे येतात. म्हणजे सगळे फास एकाच अंगाला ओढले गेले. जोडीतले दोन्ही बैल एकाच अंगाला ओढू लागले तर गाडी रस्ता सोडणारच. तसेच इथे होते. बाजूचे काठ मागे वळतात. खालचा आणि वरचा काठ पुढे वळतो.

म्हणून ओढ दोन्ही अंगांना सारखी वाटली पाहिजे. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे प्रत्येक ओळ सुलटच विणणे. मग दोन्ही बाजूंना उंचवट्यांच्या ओळी येतात आणि कापड सपाट पडते. नव्याने शिकणाऱ्याने पहिला मफलर असाच विणावा. काही बाया पाच टाक्यांची सुलट किनार ठेवून मधला भाग गुळगुळीत विणतात. दिसतो छान, पण रुंद मफलर तेवढ्याने पुरता सपाट होत नाही.

दुसरी एक वीण आहे. सुईवर ४१ टाके घाला. प्रत्येक ओळ सुलट टाक्याने सुरू करा. एक सुलट, एक उलट, एक सुलट, असे शेवटपर्यंत जा. टाके विषम असले की उंचवटे आपोआप आलटून पालटून येतात. हीही सपाट पडते.

आता काठ नीट दिसावा म्हणून एक युक्ती. ती सगळ्या ओळी सुलट असलेल्या मफलरसाठी आहे. ओळीचा पहिला टाका विणू नका. धागा आपल्याकडे, पुढे घ्या. तो टाका न पिळता उजव्या सुईवर सरकवा. मग धागा दोन्ही सुयांच्या मधून मागे न्या आणि बाकीचे टाके सुलट विणा. प्रत्येक ओळीला असे केले की काठाला वेणीसारखी साखळी पडते. स्वेटरची जी बाजू पुढे शिवायची आहे, तिथे मात्र पहिला टाकाही विणावा. शिवण घातली की ती बाजू वळत नाही.

कधी काठ वळत नाही, पण तिरपा जातो. ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे ओढला गेला, तर पहिल्या टाक्याचे दोन टाके दिसतात. दोन्ही विणले की एक टाका वाढला! म्हणून दर चार ओळींनी टाके मोजा. ४० घातले असतील तर ४०च भरले पाहिजेत.

पहिली ओळ आवळली तर मफलरचे टोक अरुंद होते. त्यासाठी टाके घालताना जाड सुई घ्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत नंबर मोठा तशी सुई बारीक असते. १० नंबरवर विणायचे असेल, तर टाके ९ नंबरवर घाला. शेवटी टाके बंद करतानाही तसेच करा. बाळाच्या झबल्याचा गळा इथेच फसतो. घट्ट बंद केला तर डोके आत जात नाही.

मफलर लोकरीचा असेल तर गार पाण्यात धुवा, पिळू नका. पंचात गुंडाळून दाबा. मग चटईवर सपाट पसरा, काठ हाताने सारखे करा आणि सावलीत वाळू द्या. दोरीवर टांगला तर ओल्या लोकरीच्या वजनाने तो लांबतो.